समारंभ

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी संगणकावर एक तक्ता केला. वर लिहिलं: 'प्रेअरी डॉग, जून, तीन दिवस'. खाली रकाने पाडले. गाड्या कुणाच्या, डांबरी रस्ता कुठल्या वळणावर सोडायचा, मोटेलच्या खोल्या, पाणी, बर्फाची पेटी, सावलीचं कापड, कानातले बोळे, परवाने, काडतुसं. शेवटी चौघांची नावं, तीन दिवस, रोजचा आकडा आणि तळाशी बेरीज. दक्षिण डकोटातल्या रॅपिड सिटीत मी अकरा वर्षं राहतो. ही सहल माझ्या कामावरच्या चौघांची होती. मी बंदूक धरत नाही, मांस खात नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी आखणी माझ्याकडे आली, कारण आमच्याकडे कुठलीही आखणी शेवटी माझ्याकडेच येते. मी ती हौसेनं घेतली. त्या हौसेबद्दलच मला लिहायचं आहे.

प्रेअरी डॉग नावाचाच कुत्रा. खरं तर तो खारीच्या कुळातला, जमिनीत बिळं करून राहणारा, सशापेक्षा लहान, गवताच्या रंगाचा प्राणी. संकटाची चाहूल लागली की भुंकल्यासारखा आवाज काढतो, त्यावरून ते नाव. लाकोटा लोक त्याला पिस्पिझा म्हणतात. या प्राण्यांच्या वसाहतीला इथं 'टाउन' असा शब्द आहे, आणि तो शोभतो: बिळाच्या तोंडाशी मातीचा बांध, मधून पायवाटा, टोकाला पहारेकरी. गुराखी म्हणतात, गुरांचं गवत खातो. म्हणून त्याला मारणं इथं गैर मानत नाहीत. शिकारी दूरवर मेज मांडून बसतात, रायफल टेकवतात आणि दोनशे-तीनशे यार्डांवरून एकेक टिपतात. एकेक जण दिवसाला शेकडो गोळ्या झाडतो. नळी इतकी तापते की दुसरी रायफल हाताशी लागते. म्हणून माझ्या तक्त्यात माणशी दोन रायफली होत्या. मेलेला प्राणी खात नाहीत, कातडं काढत नाहीत. तो तिथंच राहतो. ससाणे आणि गरुड येऊन खातात, आणि त्यांच्या पोटात शिशाचे कण जातात.

सहल जूनमध्ये ठरली, कारण तोवर पिलं बिळाबाहेर आलेली असतात. पिलांना अजून भय माहीत नसतं. आवाज झाला तरी ती उभी राहून बघतात. चौघांतल्या एका सहकाऱ्यानं हे सांगितलं तेव्हा मी तारखेच्या रकान्यात 'जूनचा तिसरा आठवडा' असं भरलं आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. माझा हात थांबला नाही.

रस्ता बघायला मी एकटा गेलो. वॉल गावाच्या दक्षिणेला बॅडलँड्सच्या कडेनं मातीचे रस्ते आहेत. पाऊस पडला की ती माती चाकांना अशी धरते की मला आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या रानाची आठवण होते. म्हणून पावसासाठी वेगळी वाट शोधायची होती. कुंपणाच्या दुसऱ्या फाटकाशी गाडी थांबवली आणि दुर्बीण लावली. दोन प्राणी समोरासमोर आले, तोंडाला तोंड लावून त्यांनी एकमेकांना ओळखलं आणि शेजारी बसून चरू लागले. एकानं मागच्या पायांवर उभं राहून अंग मागं फेकलं आणि साद घातली. ती साद बिळामागून बीळ पुढं गेली. फार गोंडस होतं म्हणून मी हेलावलो, असं मला म्हणायचं नाही. विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानात एका अभ्यासकानं वर्षानुवर्षं यांच्याकडे पाहून नोंदवलं आहे की यांच्यातल्या माद्या आपल्याच बहिणीची पिलं मारतात. ते निष्पाप आहेत, असा माझा दावा नाही. मी वहीत फाटकाचं अंतर लिहिलं, 'जसं असेल तसंच ठेवा' अशी सूचना जोडली, आणि ती सूचना लिहिताना मला एक शब्द आठवला.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, ओसरीवर पाठशाळा भरायची. जपमाळेत १०८ मणी का, याचा एक हिशेब पंडितजींनी तिथं फळ्यावर मांडला होता. तो तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातला आहे. पापाला तीन पायऱ्या: संरंभ, समारंभ, आरंभ. संरंभ म्हणजे करायचं असं मनात धरणं. समारंभ म्हणजे त्यासाठी साधनं जमवणं. आरंभ म्हणजे प्रत्यक्ष हात घालणं. या तीन पायऱ्या मनानं, वाणीनं, देहानं चढता येतात. स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून किंवा करणाऱ्याला संमती देऊन चढता येतात. आणि मागे क्रोध, मान, माया म्हणजे कपट, आणि लोभ या चार कषायांपैकी काहीतरी असतं. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, १०८. आम्ही पोरं समारंभ या शब्दाला हसलो होतो, कारण आमच्यासाठी समारंभ म्हणजे लग्न, मांडव, पंगत. पंडितजी रागावले नाहीत. म्हणाले, मांडव घालतानाच लग्न निम्मं झालेलं असतं.

माझा तक्ता म्हणजे तो मांडव होता.

गाडीत बसून मी ते कषाय लावून पाहिले. त्या प्राण्यांवर कुणाचा क्रोध नव्हता. लोभ म्हणावा तर कुणी काही घरी आणणार नव्हतं. होता तो मान. इतक्या लांबून लागलं, हे सांगता यावं, यासाठी तो आकड्यांचा रकाना. आणि माझा मान निराळा: माझ्या आखणीत चूक सापडत नाही. कुणालाही न मारता मी मारण्यातला सगळ्यात नीटनेटका भाग उचलला होता.

पण याच हिशेबात माझे वडील, आण्णा, कुठं बसतात? आम्ही शेतकरी जैन. उसात उंदीर झाले की आण्णा तोंडाला टॉवेल बांधून ज्वारीच्या भरड्यात तेल आणि झिंक फॉस्फाईड कालवायचे. लसणासारखा वास यायचा. आधी दोन दिवस नुसता भरडा ठेवायचा, उंदरांना विश्वास वाटावा म्हणून, मग विषाचा. त्यातही आखणी होती, आणि उघड उघड माया होती. इथले गुराखी हेच करतात: आधी साधे ओट, मग तेच विष लावलेले. विष घालायच्या दिवशी आण्णा जेवायचे नाहीत. मी त्यांना फोन केला.

"आण्णा, औषध घालायच्या दिवशी तुम्ही उपास का करायचा?"

"उपास कसला? घास उतरत नव्हता."

"पाप लागू नये म्हणून नव्हे?"

"पाप लागलंच की. जेवलो न्हाई म्हणून सुटतंय व्हय?" मग थोडं थांबून, "तिथं कशाला उंदीर मारायला लागलाय?"

मी सांगितलं.

"तुझं पीक खात्यात का?"

"नाही. जमीन दुसऱ्याची आहे."

"मग तुझं काय काम तिथं?"

शेतकऱ्याच्या हिंसेला आमच्याकडे उद्योगी म्हणतात, ठरवून केलेल्या हिंसेला संकल्पी. गृहस्थानं पहिली कमी करावी आणि दुसरी सोडावी, असं सांगितलं आहे. शिकार सात व्यसनांत येते. एवढं, आण्णांच्या विषासकट, मी त्या सहकाऱ्याला माझ्या शब्दांत सांगितलं. तो भला माणूस आहे, गुरांच्या रानात वाढलेला. तो म्हणाला, विषानं प्राणी बिळात तासन् तास तडफडतो. माझी गोळी लागते तेव्हा त्याला आवाजही ऐकू येत नाही. तुझ्या वडिलांच्या विषापेक्षा माझ्या गोळीचं मरण दयाळू आहे. आणि प्लेग आला की अख्खं टाउन संपतं, त्याचं काय?

या बोलण्यानं माझी झोप उडाली. प्लेगचं तर अगदी खरं आहे. १८९६ साली मुंबईत ज्या जंतूनं माणसं मारली, तोच १९०० च्या सुमारास जहाजातून सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि पुढं या कुरणांत शिरला. २००८ मध्ये तो इथल्या कोनाटा खोऱ्यात आला आणि प्रेअरी डॉगवरच जगणारे काळ्या पायांचे फेरेट धोक्यात आले. प्लेगच्या साथीत आजीच्या सासूनं गाव सोडून रानातल्या झोपडीत काढलेले दिवस आजी आम्हाला सांगायची. पण प्लेगनं कधी तारीख ठरवली नाही. पिलं बाहेर येण्याची वाट त्यानं पाहिली नाही.

आणि दयाळू मरणाचं? प्राण्याच्या बाजूनं पाहिलं तर माझ्या मित्राचं बरोबर आहे, ते मी मान्य केलं. आण्णांचं विष वाईटच होतं. मात्र उंदीर नाहीसे झाले असते तर आण्णांना आनंद झाला असता. ते पुन्हा त्या वाटेला गेले नसते. शिकाऱ्याला टाउन संपलेलं नको असतं. या जमिनीवर विष घालू नका, पुढच्या वर्षी आम्ही येतो, असं आमच्याच गटानं मालकाला सांगितलं होतं. ते पत्र मीच लिहिलं होतं. गवत वाचवायचं असतं, तर हे पत्र लागलं नसतं. मारायला काहीतरी शिल्लक राहावं, एवढ्यासाठी ते होतं.

मी सहकाऱ्याला सांगितलं की मी यातून बाहेर पडतो. तो म्हणाला, काही हरकत नाही, तुझं काम तर झालेलंच आहे.

ते गेले. शुक्रवारी रात्री पाऊस पडला. शनिवारी सकाळी निरोप आला: दुसरी वाट बरोबर निघाली, चाक कुठंही रुतलं नाही, आभार. रविवारी संध्याकाळी मी जपाला बसलो होतो आणि फोन शेजारी होता. तक्ता सगळ्यांत सामाईक होता. मी तो मिटवला नव्हता, त्यांना वाट सापडेना तर काय, असं वाटून. चौघांचे रकाने एकापाठोपाठ भरत गेले. बेरजेचं सूत्र मे महिन्यात मीच घालून ठेवलं होतं. शेवटचा आकडा पडला आणि तळाशी आपोआप उमटलं, ६१७.