प्लेगचे क्रूस आणि अनुत्तरित प्रार्थना

वांद्र्यापासून अंधेरी-मरोळपर्यंतच्या जुन्या गांवठाणांतून फिरतांना वाटेच्या वळणावर किंवा चार घरांच्या मधल्या चौकांत एखादा दगडी क्रूस दृष्टीस पडतो. जाणाऱ्या-येणाऱ्यास ती ख्रिस्ती वस्तीची एक खूण, एवढेंच वाटतें. परंतु यांपैकीं कित्येक क्रूस १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला त्यानंतरच्या भयंकर दिवसांत उभारले गेले आहेत. साथ आपल्या वस्तींत शिरूं नये, ही त्यामागची प्रार्थना होती. साथ थांबली नाहीं. पुढें कित्येक वर्षें ती या मुलखांत फिरून फिरून येत राहिली. असें असून भाविकांनीं ते क्रूस उपटून टाकले नाहींत. आजही मे महिन्यांत संध्याकाळीं शेजारची माणसें अशा क्रूसांपाशीं जमतात, मेणबत्त्या लावतात व माळेची प्रार्थना म्हणतात. जी प्रार्थना मागितल्याप्रमाणें फळली नाहीं, तिच्याच खुणेपाशीं पुन्हा हात जोडावे, यांत श्रद्धा आहे कीं केवळ संवय, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

कोणी म्हणेल, गांवांतले पुष्कळ लोक वांचले, हेंच प्रार्थनेचें फळ. या युक्तिवादाचा आधार आम्ही घेऊं इच्छीत नाहीं. ग्रीक नास्तिक डायागोरस याची एक गोष्ट सिसेरोनें सांगितली आहे. वादळांतून सुखरूप परतलेल्यांनीं देवळांत टांगलेलीं चित्रें दाखवून मित्रानें त्याला विचारलें कीं, देवाची कृपा तुला आतां तरी पटते ना? डायागोरसानें उत्तर दिलें कीं, जे बुडाले त्यांचीं चित्रें येथें कोठें लावलेलीं नाहींत. हें उत्तर कडू आहे, पण खोटें नाहीं. वांचलेल्यांनीं क्रूसाला हार घातला; त्याच आळींत ज्या आईचें मूल गेलें, तिनेंही तितक्याच कळवळ्यानें प्रार्थना केली होती. तिला वगळून केलेला हिशेब देवाच्या बाजूचा असला तरी आम्ही तो मान्य करणार नाहीं.

अशा आईला धर्मशील माणसें सामान्यतः तीन उत्तरें देतात. पहिलें उत्तर असें कीं, तुझी श्रद्धा कमी पडली. हें उत्तर निर्दय तर आहेच, परंतु ख्रिस्ती शास्त्राच्या दृष्टीनेंही तें टिकत नाहीं. गेथशेमाने बागेंत स्वतः ख्रिस्तानें आपल्यापुढचा दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो टळला नाहीं. पौलानें आपल्या देहांतला कांटा निघावा म्हणून तीनदां विनविलें, आणि तो निघाला नाहीं. यांची श्रद्धा कमी होती असें म्हणण्यास कोण धजेल? प्रार्थना नाकारली गेली यावरून प्रार्थना करणाराची योग्यता ठरवितां येत नाहीं, इतकें तरी यावरून सिद्ध होतें.

दुसरें उत्तर असें कीं, न मिळण्यांतच तुझें कल्याण होतें. हें कदाचित् खरें असेल. परंतु तें म्हणण्याचा अधिकार, असलाच तर, ज्याचें दुःख त्यालाच आहे. दुसऱ्यानें तें म्हटलें कीं तोच शब्द पाषाणासारखा लागतो. ईयोबाच्या मित्रांनीं त्याच्या दुःखाचीं कारणें देवाच्या वतीनें मोठ्या विद्वत्तेनें सांगितलीं. आणि ग्रंथाच्या शेवटीं देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर स्पष्टीकरण देणाऱ्या या मित्रांवर.

तिसरें उत्तर अधिक विचारी आहे. देव माणसांच्या हातांनीं मदत करतो, असें तें सांगतें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत हा रोग प्रथम ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस गोव्याचे ख्रिस्ती होते; प्लेगवरील लस हाफकिन यांनीं मुंबईंतच तयार केली व १८९७ च्या जानेवारींत ती आधीं स्वतःला टोंचून घेतली. अशा श्रमांना कोणी प्रार्थनेचें उत्तर म्हटलें तर आमची हरकत नाहीं. देवावर भरंवसा ठेवणारानें वैद्याकडे पाठ फिरवावी, हें तर आम्हांस कधींच पटलेलें नाहीं. तथापि ही लस ज्या मुलापर्यंत पोंचली नाहीं, त्याच्या आईचा प्रश्न होता तेथेंच राहतो.

मग भरंवसा म्हणजे काय? येथें पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवतें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत त्यांचे आईबाप हाल होऊन वारले. त्या कुटुंबानें व्रतें, दानें, तीर्थयात्रा यांत कांहीं उणें ठेविलें नव्हतें. तरी देव पावला नाहीं, आणि रमाबाईंची जुनी श्रद्धा ढळली. १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें १९२१ सालीं त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली; परंतु या वेळीं त्यांनीं आपला देव सोडला नाहीं. १९२२ च्या एप्रिलांत त्या स्वतः वारल्या, तोंवर केडगांवचें मुक्तिसदन व बायबलाचें मराठी भाषांतर हेंच त्यांचें जीवन होतें. एकदां श्रद्धा सुटली आणि एकदां टिकली, ही विसंगति नव्हे काय, असें टीकाकार विचारील. आमच्या समजुतीप्रमाणें, दोन्ही वेळीं अपेक्षा एक नव्हती. पहिल्या श्रद्धेंत आचरणाच्या मोबदल्यांत संरक्षणाची हमी गृहीत धरलेली होती, आणि अशी हमी धरणारे लोक कोणत्याही धर्मांत आढळतात, ख्रिस्ती धर्मांतही थोडे नाहींत. दुसऱ्या श्रद्धेच्या मध्यभागीं ज्याची स्वतःचीच विनवणी नाकारली गेली, असा पुत्र उभा होता. अशा देवापाशीं दुःख नेतां येतें. हिशेब मागतां येतो. त्याच्याशीं भांडतांही येतें. भरंवसा म्हणजे इच्छित फळाची खात्री नव्हे. फळ हातीं न आलें तरी बोलणें न तोडणें, हा तो भरंवसा होय.

यावर एक सबळ आक्षेप आहे, तो आम्ही टाळीत नाहीं. जी श्रद्धा कोणत्याही अनुभवानें खोटी पडत नाहीं, ती खरी तरी कशी ठरावी? आमचें उत्तर इतकेंच कीं, अशा श्रद्धेनें देवाचें अस्तित्व सिद्ध होत नाहीं, व तसा आमचा दावाही नाहीं. तिची पारख आचरणांत होते. जो भरंवसा शेजाऱ्याच्या खाटेपासून माणसाला दूर नेतो, तो भ्रम होय. जो त्याला रात्रभर त्या खाटेशीं बसवितो, त्याला भ्रम म्हणण्यापूर्वीं आम्ही थांबूं.

अंधेरीच्या सीप्झ वसाहतीच्या आवारांत एका चर्चचे भग्न अवशेष आहेत. जेझुइटांनीं १५७९ सालीं बांधलेलें हें संत योहान बाप्तिस्त्याचें देऊळ १८४० सालीं साथीमुळें ओस पडलें. त्याच्या छपराखालीं लोकांनीं काय काय मागितलें असेल, आणि त्यांतलें किती मिळालें नसेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. ते लोक मरोळला गेले, तेथें त्यांनीं नवें चर्च उभें केलें, आणि जुन्या चर्चांतलें बाप्तिस्म्याचें पात्र सोबत नेलें. ज्या जागीं मरण आलें ती जागा त्यांनीं सोडली. जन्मलेल्या मुलाला देवाच्या हातीं देण्याचें पात्र मात्र सोडलें नाहीं.

प्लेगच्या दिवसांत दगडी क्रूस उभारणारांनीं साथ अडविण्यासाठीं म्हणून जी खूण निवडली, ती मुळांत एका नाकारलेल्या प्रार्थनेचीच खूण होती. हें त्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं नाहीं, कोण जाणे. पण ज्या घरीं मूल गेलें होतें, त्या घरच्या आईला तेथें येऊन बसतां आलें, तें त्यामुळेंच, असें आम्हांस वाटतें. शेजारणीनें तिला कारण सांगूं नये. तिच्या शेजारीं बसावें, आणि तिची माळ अर्ध्यावर थांबली तर पुढचे मणी आपण ओढावे.