केसपेपर कुणाचा?



दवाखान्यात माणूस दोनदा उघडा होतो. एकदा टेबलावर, एकदा केसपेपरवर. टेबलावरून उठल्यावर कपडे घालता येतात. केसपेपरवरचा उघडेपणा दुसऱ्याच्या कपाटात राहतो, आता तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात.

त्या कपाटाची किल्ली कुणाकडे? तालुक्याच्या गर्दीच्या दवाखान्यात बाईचं नाव आणि आजार एका दमात पुकारला जातो. रांगेत निम्मं गाव. भीमाशंकरच्या अंगच्या वाड्यांवर शेवटच्या एसटीआधी बातमी पोचते. अन् त्याच बाईनं रिपोर्टाची नक्कल मागितली तर बाबू म्हणतो, "गोपनीय आहे." झकास! गावाला उघडं, जिचं तिला बंद. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांत नेमकं उलटं लिहिलंय : डॉक्टरनं रुग्णाचं गुपित फोडायचं नाही, आणि रुग्णानं कागद मागितले तर 72 तासांत द्यायचे. हा नियम भिंतीवर लावलेला मी कुठं पाहिला नाही.

गिरणीत आमची छाती तपासतात. फिल्म मालकाकडे जाते, खोकला आमच्याकडे राहतो. म्हणून 1997 सालचा मुंबई हायकोर्टाचा एक निकाल मला जवळचा वाटतो. सरकारी मालकीच्या महामंडळातला रोजंदारी कामगार, कायम व्हायचा होता. तपासणीत एचआयव्ही निघाला, यादीतून नाव उडालं. अंगात कामाची ताकद शाबूत होती. कोर्टानं त्याला खरं नाव झाकून लढू दिलं. निकालात तो नुसता 'एमएक्स' आहे. आणि जिंकला.

कुणी म्हणेल, आपण नामांतरासाठी 1978 ते 1994 रस्त्यावर होतो, अन् हा गडी नाव लपवून न्याय मागतो? पण बघा, आपली जात कागदावर नेहमी दुसऱ्यानं लिहिली. ह्यानं आपलं नाव स्वतः झाकलं. फरक तिथं आहे.

आता आपल्याकडे वळतो. अत्याचाराची केस झाली की आपण धावतो, धावलंच पाहिजे. पण पोचल्यावर पहिलं काम काय? मेडिकल रिपोर्टाचा फोटो, पंधरा ग्रुपांवर. बाई अजून खाटेवर असते, अन् तिच्या जखमांची मापं आंबेगावपासून नागपूरपर्यंत गेलेली असतात. बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापणं 1983 पासून गुन्हा आहे, पण कायद्याचं भय मी घालत नाही. मी विचारतो, बाबूनं तिला न पुसता कागद उघडला तर ती विटंबना, आणि आपण उघडला तर ती चळवळ?

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट जुन्नरात पोरासोरांना पाठ आहे. नाचताना कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली, परत बोर्डावर. लोक अभिमानानं सांगतात. मला आधी दिसतं ते हे, की बाळंत व्हायला आडोसा मिळाला तोही पडद्याचा. ब्राह्मण आळीतलं कुणाचं बाळंतपण असं चव्हाट्यावर ऐकलंय? तमासगीर बाई, त्यात मांगाची. तिच्या कळांवर सगळ्यांचा हक्क!

इथं खैरलांजी आडवी येते. 29 सप्टेंबर 2006. पेपरांनी सुरुवातीला फारशी दखल घेतली नव्हती. प्रेतांचे फोटो हातोहात फिरले नसते तर रस्ते पेटले असते का? मेलेल्यांची संमती कोण आणणार? फोटो दाखवणारे चुकले म्हणायची माझी छाती नाही.

पण जी जिती आहे, शुद्धीवर आहे, तिच्याबाबत ही सबब चालत नाही. तिच्या खाटेशी बसायचं. कागदात काय लिहिलंय ते तिला कळेल अशा बोलीत वाचून दाखवायचं. मग पुसायचं : वकिलाला देऊ? पेपरला देऊ? ती वकिलाला हो म्हणेल, पेपरला नाही. मग मोर्चा रिपोर्टाशिवाय काढायचा.