मला काय, कुठेही!

खरं म्हणजे आम्ही फक्त रंग काढणार होतो. रंगाऱ्यानं भिंतीवर टिचकी मारली, कान लावला आणि डॉक्टरसारखी मान हलवून म्हणाला, "साहेब, आधी प्लास्टर." प्लास्टरवाल्यानं नळाच्या लाइनीकडे बोट दाखवलं, प्लंबरनं मोरीच्या लाद्यांकडे. असं करता करता पंचवीस हजारांचा रंग चार लाखांवर गेला आणि कोणीतरी म्हणालं, "एवढं करतोच आहोत, तर घराची रचनाच बदलून टाकू." ते मीच म्हणालो असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे. तिची स्मरणशक्ती चांगली आहे, त्यामुळे वाद घालत नाही.

घर डोंबिवलीत, ३८० चौरस फूट कार्पेट. आता ह्या कार्पेटची एक गंमत सांगतो. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात घराबाहेरच्या भिंती धरत नाहीत, पण आतल्या भिंतींखालची जागा धरतात. म्हणजे जिथे पाय ठेवता येत नाही, त्या जागेवरही सतरंजी अंथरली असं कायदा समजतो. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली आमची भिंत दहा फूट लांब, साडेचार इंच जाड. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गुणाकार केल्याशिवाय मला झोप येत नाही. पावणेचार चौरस फूट! घर घेतानाच्या साडेसहा हजारांच्या भावानं चोवीस हजार तीनशे पंच्याहत्तर रुपये नुसते उभे आहेत आणि त्यांच्यावर एक पैसा व्याज नाही. ती भिंत पाडायची असं मी त्याच रात्री ठरवलं.

नकाशा काढायला आलेला मुलगा हुशार होता. कॉलम आणि बीम सोडून बाकी काहीही हलवता येईल, इमारतीचा भार सांगाड्यावर असतो, मधल्या भिंती म्हणजे नुसते पडदे, असं त्यानं समजावलं. सोसायटीची लेखी परवानगी घ्यायलाही सांगितलं. चार दिवसांनी नकाशा आला. काय नव्हतं त्यात? चपलांचं कपाट होतं, वॉशिंग मशीनचा कोनाडा होता, मुलीच्या बारावीच्या अभ्यासाचं टेबल होतं, धाकट्याची घडीची खाट होती, मायक्रोवेव्हला तर खिडकीशेजारची जागा होती. मी दोनदा पाहिलं आणि विचारलं, "आमची आई कुठे आहे?"

"आजींना बाल्कनीत बसवू ना, सर."

बसवू! गीझर बसवतात तसं. बाल्कनी चार बाय नऊ, आईचा पलंग तीन बाय सहा. गणित बिनचूक होतं.

आईला विचारलं. ती गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत नांदलेली. ती म्हणाली, "मला काय, कुठेही चालेल. रात्रीपुरतं अंग टाकायला जागा मिळाली म्हणजे झालं." आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मुलगी तर आजीला बिलगलीच. प्रश्न मिटला.

मिटला असता, पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक चिरंजीव आपल्या आईला घेऊन आले. मुदत ठेव मुदतीआधी मोडायची होती. "आईची काही हरकत नाही," ते म्हणाले. असल्या हरकत नसण्यावर बँक चालत नाही. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "आजी, स्वखुशीनं मोडताय ना?" आजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलाकडे पाहिलं आणि "हो" म्हणाल्या. सही जुळली. मी व्हाउचर पास केलं. एकवीस वर्षं असली व्हाउचरं पास करतोय. सही जुळते की नाही एवढंच पाहायचं, 'हो' जुळतो की नाही ते पाहायला रकाना नसतो.

त्या दिवशी मात्र लोकलमध्ये उभ्या उभ्या एक अवघड प्रश्न पडला. ज्या माणसानं जन्मभर स्वतःसाठी काही मागितलंच नाही, त्याच्या "चालेल"ला संमती म्हणायचं का? मागणाऱ्याला मिळतं हा जगाचा नियम मला मान्य आहे. पण घरातही तोच नियम? मुलीनं खिडकी मागितली, मुलानं टीव्हीसमोरची भिंत, मायक्रोवेव्हच्या वतीनं डिझायनर भांडला. आईच्या वतीनं आईसुद्धा बोलली नाही. आणि आम्ही तिचा चांगुलपणा जमेच्या बाजूला घेऊन त्याची बाल्कनी केली.

म्हटलं, निदान सौ.ला तरी नीट विचारावं. "भिंत पाडली की स्वयंपाकघर मोकळं, हवेशीर. तुला आवडेल ना?"

"तुमचे पाहुणे साडेआठला 'सहज' म्हणून टपकतात, तेव्हा मी तोंड वाकडं कुठे करायचं?" ती म्हणाली. "पंधरा वर्षं त्या भिंतीआड करतेय."

चोवीस हजारांत ही सोय फारच स्वस्त होती. भिंत राहिली.

वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात वाचलं, की १९२६ साली मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुतज्ज्ञ बाईनं फ्रँकफुर्टमध्ये घड्याळ लावून, पावलं मोजून एक आटोपशीर स्वयंपाकघर बेतलं. जेमतेम सव्वासहा फूट बाय अकरा. तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. एका बाईचे श्रम वाचले खरे, पण दुसरं माणूस मदतीला आत मावेना. आणि गंमत म्हणजे, ते बेतण्याआधी आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, असं ह्या बाईनं पुढे स्वतःच सांगून टाकलं. मला एकदम धीर आला. मीही आईच्या पलंगावर कधी झोपलो नव्हतो.

म्हणून रविवारी दुपारी, आई देवळात गेल्यावर, आडवा झालो. उशीवर डोकं टेकलं आणि समोर काय दिसलं? खिडकी नाही, टीव्ही नाही. दाराची कडी.

संध्याकाळी म्हटलं, "आई, खरं सांग, कुठे हवाय पलंग?"

"अरे, कुठेही चालेल." मग जरा थांबून, "फक्त दार दिसायला हवं. तू शेवटच्या लोकलनं आलास की कडी वाजते. कोण आलं ते कळल्याशिवाय डोळा लागत नाही मेला."

सत्तेचाळीस वर्षांचा मी. रात्री चोरपावलांनी घरात शिरतो, आई जागी होऊ नये म्हणून.

नकाशा पुन्हा काढला. कुणाला फूट द्यायचा म्हणजे कुणाचा तरी काढायचा, जमा-खर्च जुळलाच पाहिजे. माझं पुस्तकांचं कपाट माळ्यावर गेलं, मायक्रोवेव्ह फ्रिजच्या डोक्यावर. टीव्हीची भिंत गेली म्हणून धाकटा दोन दिवस जेवताना बोलला नाही. डिझायनर म्हणाला, "सर, पलंगानं हॉलचा लूक जातो." जाऊ दे म्हटलं.

काम सुरू झालं. घरभर सिमेंटचा धुरळा. गवंडी हातातली थापी खाली ठेवून अदबीनं म्हणाला, "आज्जी, पलंग जरा हलवायचा व्हता. कुठं ठिवू?"

"ठेव बाबा कुठेही," आई म्हणाली, आणि पलंगावर मांडी घालून पक्की बसली.