वजन तेवढंच, म्हणून काय झालं?

"वजन तेवढंच आहे ना? मग काय फरक पडतो?" कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका परिचितांचं हे वाक्य फोन ठेवल्यापासून मला सलतं आहे. ते शिकारीला जातात आणि तिथल्या अनेक हौशी लोकांसारखी काडतुसं घरीच पुन्हा भरतात. झाडलेली पितळी पुंगळी साफ करायची, तळाशी नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तिकडे ही उघड चालणारी हौस आहे.

प्रश्न शिशाच्या गोळीऐवजी तांब्याची गोळी वापरण्याचा होता. शिशाचे कण राहिलेलं मांस खाऊन काँडर गिधाडं मरत होती, म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. हा कायदा मला मनापासून पटतो. पण तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी साहजिकच जास्त लांब होते. काडतुसाची एकूण लांबी ठरलेली, त्यामुळे जादा लांबी पुंगळीच्या आत शिरते आणि दारूची जागा खाते. बिनधुराच्या दारूचा स्वभाव असा, की दाब वाढला की ती अधिक वेगानं जळते आणि त्या वेगानं दाब आणखी चढतो. रायफलच्या काडतुसात तो चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांपर्यंत जातो, तोही नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ.

बदली वस्तूंचा विचार करताना मी एक भेद धरून चालतो: जागेवर बसणं वेगळं, काम करणं वेगळं. लष्करी पुंगळी चेंबरमध्ये नागरी पुंगळीसारखीच बसते, पण तिच्या भिंती जाड असल्या तर आतली जागा कमी असते. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० यांचा आकडा एकच, दारू वेगळी. उलट विंचेस्टर २३१ आणि हॉजडनची एचपी-३८ ही नावं दोन, दारू मात्र एकच. जळण्याच्या वेगाचे तक्तेही नुसता क्रम सांगतात. शेजारच्या दारूचं माप त्यावरून काढता येत नाही.

परिचितांचा दुसरा मुद्दा अनुभवाचा होता: जाणत्या माणसाला अंदाज येतो. अमेरिकी लष्कराकडे जाणत्यांची वाण नव्हती. तरीही १९६४मध्ये एम-१६ रायफलच्या काडतुसातली लांबट कणांची दारू बदलून गोल कणांची बॉल पावडर आली. गोळीचा वेग आणि चेंबरमधला दाब ठरलेल्या मर्यादेत होता. पण ही रायफल नळीतल्या छिद्रातून येणाऱ्या गॅसवर चालते, आणि तिथला दाब बदलला. गोळीबाराचा दर वाढला, आत काजळी साचू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचं सामान अपुरं होतं. व्हिएतनाममध्ये ऐन लढाईत रायफली अडकल्या, सैनिक मेले. १९६७मध्ये काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीनं ठपका ठेवला, की पुरेशा चाचण्यांचा आधार नसताना हा बदल केला गेला.

इथवर आल्यावर 'काहीही बदलू नका' असं लिहून मी थांबणार होतो. पण ते टिकत नाही. काँडर वाचवायचे तर गोळी बदलावीच लागते. शिवाय त्याच दारूचा नवा डबा दुसऱ्या लॉटचा निघाला तर तीही हुबेहूब तशीच जळत नाही. म्हणजे पुस्तकाबरहुकूम चालणाराही नकळत बदल करतच असतो. तेव्हा माझं म्हणणं बदलावं लागतं: एक भाग बदलला की जुनं माप रद्द. ते काडतूस नवं समजायचं, उत्पादकानं नेमक्या त्याच जुळणीसाठी छापलेल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

परदेशात ही हौस करणाऱ्या वाचकांना कळकळीची विनंती आहे. तुमच्या जुळणीचं तपासलेलं माप छापलेलं नसेल, तर अंदाजानं काडतूस भरू नका. तयार काडतुसं विकत घ्या.