बिऱ्हाडकरू आणि भिंत

गेल्या चैत्रांत मला एक पत्र आलें. माझें नाशकांत एक लहानसें घर आहे. तेथें भाड्यानें राहणाऱ्या एका तरुण अभियंत्यानें तें लिहिलें होतें. मजकूर साधा होता. त्यानें विजेवर चालणारी मोटार घेतली आहे, ती उभी करण्याची जागा करारानेंच त्याच्याकडे आहे, घराच्या मीटरपासून त्या जागेपर्यंत एक तार ओढून भिंतीला चार्जरची पेटी बसवावी अशी त्याची इच्छा, खर्च सर्व तो सोसणार, आणि जातेवेळीं सर्व काढून भिंत पूर्ववत् करून देणार, अनुमति असावी. मीं त्याच दिवशीं उत्तर धाडलें कीं, जमणार नाहीं. कारण दिलें नाहीं. देण्यासारखें कारण मजजवळ होतें असेंहि नाहीं. पुढें आठ दिवसांनीं वर्गांत नीतिशास्त्राचा तास घेत असतांना, हा नकार देतांना आपणांस यत्किंचितहि विचार करावा लागला नाहीं, ही गोष्ट मला एकाएकीं खटकली. आणि तेव्हांपासून या प्रश्नानें माझी पाठ सोडलेली नाहीं.

एका तारेचा हा प्रश्न, त्यांत तत्त्वविचारास जागा कोठें, असें कोणी विचारील. त्यास आधीं ही मोटार समजून घ्यावी लागेल. पेट्रोलची मोटार बाहेर जेवून घरीं येते. विजेच्या मोटारीला घरींच जेवावें लागतें. तिच्या पोटांत तीस युनिट मावतात असें धरलें, तर सोळा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तें भरण्यास नऊदहा तास लागतात. निराळें वायरिंग करून सात किलोवॅटची पेटी बसविली तर साडेचारांत काम होतें. म्हणजे हें काम स्वभावतःच रात्रींचें आणि मुक्कामाचें. रस्त्यावर चार्जिंगचीं केंद्रें आहेत, तेथें वेळ कमी लागतो. परंतु युनिटामागें दाम बहुधा घरच्याहून जास्त पडतो. एतावता, ज्याची भिंत स्वतःची आहे त्यास ही मोटार स्वस्त, व ज्याची नाहीं त्यास महाग. एकच यंत्र, एकच वीज. भेद काय तो भिंतीचा.

मालक मंडळी भितात ती निव्वळ खोडसाळपणानें नव्हे, हें मान्य केलें पाहिजे. आपल्याकडे हल्लीं घर बहुधा अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स'वर दिलें जातें. कायद्याच्या दृष्टीनें असा मनुष्य भाडेकरूहि नव्हे; केवळ परवानगीनें आंत असलेला. पण ज्या १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टांत ही परवानगी सांगितली आहे, त्याच्याच ६० व्या कलमांत असें आहे कीं, परवानगीच्या आधारानें एखाद्यानें खर्च करून कायम स्वरूपाचें काम केलें, तर ती परवानगी मालकास मागें घेतां येत नाहीं. हें कलम फार थोड्या मालकांनीं वाचलें असेल. परंतु त्याची छाया सर्वांच्या मनांत आहे. खिळा ठोकूं दिला तर उद्यां घर जाईल, ही आपल्या शहरांतील जुनी भीति. परंतु स्क्रूनें बसविलेली व स्क्रूनेंच निघणारी पेटी हें कायम स्वरूपाचें काम कसें व्हावें? त्याच सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत तर, पट्ट्यानें घेतलेल्या जागेंत जोडलेली वस्तु, ताबा सोडण्यापूर्वीं जागा होती तशी करून, काढून नेण्याची भाडेकरूस स्पष्ट मुभा आहे. तेव्हां माझी भीति कायद्याची नव्हती. ती कसली होती हें शोधूं लागलों तों मला माझ्या लहानपणच्या चाळीपर्यंत जावें लागलें.

आम्ही गिरगांवांत दोन खोल्यांत राहत होतों. आईचे गुडघे दुखत. जमिनीवर बसून स्वयंपाक करणें तिला जड जाऊं लागलें, तेव्हां १९७८ सालीं वडिलांनीं चाळीच्या मालकांकडे उभ्याचा ओटा बांधण्याची परवानगी मागितली. "भिंत आमची आहे, मास्तर," एवढेंच उत्तर आलें. वडील कायदा मोडणारे नव्हते. त्यांनीं जुन्या बाजारांतून एक लाकडी मेज आणलें व त्यावर स्टोव्ह ठेवला. त्या मेजाचा एक पाय आखूड होता. त्याखालीं घडी करून ठेवलेला पुठ्ठा दर पावसाळ्यांत बदलावा लागे. आईनें त्या हलत्या मेजावर अठरा वर्षें स्वयंपाक केला. पुढें १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. मालकाच्या लेखी संमतीवांचून भाडेकरूनें कायम बांधकाम केल्यास त्यास काढतां येतें असें त्यांत आहेच. परंतु अमुक गोष्टी कायम बांधकामांत मोडत नाहींत अशी एक यादीहि आहे. तींत लाकडी आडभिंत आहे, खिडकी आहे, धुरांडें आहे, एअर-कंडिशनर आहे, आणि स्वयंपाकघरांतील उभ्याचा ओटाहि आहे. ती यादी मीं प्रथम वाचली तेव्हां आई हयात नव्हती.

ही यादी मला पुष्कळ तत्त्वग्रंथांहून अधिक बोलकी वाटते. तींत लॉकची श्रमांतून स्वामित्व निर्माण होतें ही उपपत्ति नाहीं. ओटा बांधणारा भिंतीवर मालकी सांगत नसतो. १८७० च्या आयरिश लँड ॲक्टानें कुळाला त्यानें केलेल्या सुधारणांची भरपाई देवविली, तसाहि प्रकार येथें नाहीं. तिचा आशय एवढाच कीं, राहणें या क्रियेच्या पोटांत कांहीं गोष्टी येतात, व ज्यानें घर राहण्यास दिलें त्यानें त्या गोष्टीहि दिल्या. आणि कोणत्या गोष्टी येतात हें काळ ठरवितो. १९७८ सालीं एअर-कंडिशनर हा भाडेकरूचा हक्क आहे असें कोणी म्हटलें असतें तर हंसें झालें असतें. १९९९ च्या यादींत विजेची मोटार नाहीं, कारण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें ती नव्हती.

इतरत्र ती आलेली आहे. जर्मनीच्या नागरी संहितेंतील ५५४ व्या कलमानें १ डिसेंबर २०२० पासून भाडेकरूस अशी मागणी करतां येते कीं, अपंगांच्या सोयीसाठीं, विजेच्या वाहनाच्या चार्जिंगसाठीं व घरफोडीपासून संरक्षणासाठीं लागणारे फेरफार मालकानें करूं द्यावे. २०२४ सालीं तींत बाल्कनींत लावावयाच्या लहान सौर उपकरणांची भर पडली. मालकास नाहीं म्हणतां येत नाहीं असें नव्हे. भाडेकरूची गरज लक्षांत घेऊनहि तो फेरफार मालकावर लादणें रास्त होणार नसेल, तर मागणी पडते. भाडेकरू जादा अनामतहि देऊं शकतो. मला यांतील तोलणें महत्त्वाचें वाटतें. तेथें नकारास कारण लागतें.

माझ्या नकारास कारण नव्हतें, आणि या प्रश्नाचें मर्म मला तेथेंच दिसतें. मंजूर भार पुरेसा नाहीं, तार दुसऱ्याच्या दारावरून जाते, अर्थिंग धड नाहीं, अशीं कारणें असूं शकतात. मीं तीं तपासलींहि नाहींत. कोणी म्हणेल, मोटार ही चैन आहे, आईच्या गुडघ्यांशीं तिची तुलना कशास? आक्षेपांत तथ्य आहे, आणि मीहि कांहीं काळ त्याच्या आडोशास राहिलों. पण तो अभियंता पेट्रोलची मोटार घेता तर ती त्याच जागेंत निमूट उभी राहिली असती व मीं हूं कीं चूं केलें नसतें. म्हणजे माझा आक्षेप चैनीवर नव्हता. माझ्या घरांत माझ्यावांचून कांहीं नवें घडतें आहे, यावर होता. पेटी निघाल्यावर माझें कांहींच कमी होणार नव्हतें. मी राखीत होतों ती केवळ 'भिंत आमची आहे' असें म्हणण्याची सत्ता. मालकी म्हणजे नाहीं म्हणण्याचा अधिकार, हें मी वर्गांत शिकवीत आलों आहें. नाहीं कां, हें न सांगण्याचा अधिकारहि तिच्यांत येतो असें मीं कधीं शिकविलें नाहीं. वागलों मात्र तसा.

मीं त्यास फोन केला. राग नव्हता. "हरकत नाहीं, सर, ऑफिसांत एक पॉइंट आहे; रांग असते, पण चालवून घेतों," तो म्हणाला. चालवून घेतों हे शब्द मीं वडिलांच्या तोंडून फार ऐकले होते. तार ओढण्यास माझी संमति आहे असें मीं सांगितलें. पण ती एकटी पुरणार नाहीं. वाहनांची जागा व जिना गृहनिर्माण संस्थेचा. तेव्हां संस्थेची परवानगी हवी. भाडेकरू तेथें नाममात्र सभासद, आणि सहकारी कायद्याप्रमाणें नाममात्र सभासदास मत नाहीं. पुढील महिन्यांत संस्थेची सभा आहे. मी पुण्याहून जाणार आहें. अर्ज माझ्या नांवानें करावयाचा आहे. तारेची लांबी किती व ती कोणत्या भिंतीवरून न्यावयाची, हें मात्र त्याला विचारून घेतलें पाहिजे.