कर्जाची नोंद आणि मनाची शांती

साधकहो, थकलेल्या कर्जामुळे आपला सिबिल स्कोअर घसरला असेल, तर स्वतःला पापी समजू नका. ३०० ते ९०० मधला तो आकडा आपल्या व्यवहाराचा आहे, आत्म्याचा नव्हे. मात्र नुसत्या जपाने तो वाढत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे! वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो; तो न घाबरता वाचा. तडजोडीने मिटवलेल्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते. उरलेली रक्कम फेडण्याची ऐपत आता आली असेल, तर बँकेशी बोला, पूर्ण फेडीचे पत्र घ्या आणि नोंद बदलली का ते पाहा. पुढचा प्रत्येक हप्ता वेळेवर भरा. घरच्यांपासून काही कर्ज लपवले असेल, तर आज रात्रीच सांगा. ध्यानाला त्यानंतर बसा.