दांपत्यातील विश्रंभ

वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’चे नाव निघाले की आपल्या घरांत संभाषण थांबते. वडील मंडळी खाकरतात, तरुण मंडळी खाली पाहतात. भवभूतीच्या काळी हा संकोच एवढा नसावा, असे आम्हांस वाटते. आठव्या शतकातील हा कवी विदर्भातील पद्मपूरचा. त्याचे ‘मालतीमाधव’ हे नाटक कालप्रियनाथाच्या यात्रेस जमलेल्या लोकांपुढे करावयाचे, असे प्रस्तावनेतच आहे. आणि त्याच्या सातव्या अंकात एक सखी कामसूत्रकारांचा उघड आधार घेते. देवाच्या यात्रेत, चारचौघांत!

प्रसंग मोठा मार्मिक आहे. राजाच्या मर्जीतला नंदन मालतीशी विवाह करू पाहतो. पण वधूवेषात असतो मकरंद. पहिल्याच रात्री नंदन बळजोरीस जातो आणि मार खाऊन, शिव्या देत बाहेर पडतो. त्याची बहीण मदयंतिका ‘भावजयी’ला बोल लावावयास येते. तेव्हा तिला ऐकावे लागते ते असे की, स्त्रीचे मन फुलासारखे. विश्वास उपजण्यापूर्वीच जबरदस्ती झाली, तर तिला समागमाचाच तिटकारा येतो. दोष वधूचा नव्हे, वराचा.

हा विचार कामसूत्राच्या तिसऱ्या अधिकरणातला. विवाहानंतर तीन रात्री भूमिशय्या, ब्रह्मचर्य आणि अळणी भोजन तेथे सांगितले आहे. गृह्यसूत्रांतही त्रिरात्रव्रत आहेच. यावर बाभ्रव्याच्या अनुयायांची शंका अशी की, तीन रात्री नवरा खांबासारखा मुका राहिला तर वधू खिन्न होऊन त्यास तुच्छ लेखील. वात्स्यायन म्हणतो, व्रत मोडू नये, पण विश्वास संपादण्यास आरंभ करावा. आणि बळाने काहीच करू नये. या विश्वासालाच तो विश्रंभ म्हणतो. सप्तपदी झाली म्हणजे पतीचा अधिकार सिद्ध झाला, अशी आपली समजूत. हा शास्त्रकार मात्र त्यानंतरही पतीला थांबावयास लावतो.

याच अधिकरणात पुढे कन्येला मद्य पाजून वा पळवून नेऊन विवाह साधण्याचे उपायही आहेत. ते आम्हांस निंद्य वाटतात. ग्रंथ जुना म्हणून त्यातील सारेच शिरोधार्य मानण्याचे कारण नाही.

मुहूर्त, मानपान, दागिने यांवर आपल्या घरांत महिनोन्‌महिने खल चालतो. निघताना मुलीला ‘सांभाळून घे’ असे बजावले जाते. लग्नाळू मुलाला जवळ बसवून बापाने दोन शब्द सांगितल्याचे मात्र आम्ही फारसे ऐकलेले नाही.